शोरूम की बाहेरचं गॅरेज? स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांचे प्रश्न

नाशिकमध्ये स्पोर्ट्स कार आता नवलाई राहिलेली नाही. त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड आहेत. गाडी निम्म्या किमतीत मिळते, पण तिचे पार्ट नव्या गाडीच्याच भावाचे असतात, हे पहिल्या सर्व्हिसिंगला कळतं. या वेळची बहुतेक पत्रं त्याच धक्क्यातून आलेली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी २०१० ची पोर्शे बॉक्स्टर घेतली. वार्षिक सर्व्हिस आणि पुढचे ब्रेक करायचे आहेत. मुंबईच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट अंबडमधल्या गॅरेजच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. शिवाय अंबडचे मेकॅनिक म्हणतात, "आयएमएस बेअरिंगपण बदलून घ्या, या गाड्यांचं ते जातंच." कोणाचं ऐकू? (गंगापूर रोड)

आधी बेअरिंगचं बोलू, कारण तुमचे सगळ्यात जास्त पैसे तिथे वाचणार आहेत. आयएमएस म्हणजे पोर्शेच्या इंजिनातला इंटरमीडिएट शाफ्ट, आतला एक फिरता दांडा. त्याच्या बेअरिंगची भीती खोटी नाही. ते निकामी झालं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. पण ही गोष्ट २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरची आणि त्याच काळातल्या साध्या ९११ ची. २००९ च्या मॉडेलपासून बॉक्स्टरला नवं इंजिन आलं आणि त्यात तो शाफ्टच नाही. मग बेअरिंग बदलणार कुठलं?

मात्र आरसी बुकावरच्या सालावर जाऊ नका. गाडी २०१० साली पासिंग झालेली असली, तरी मॉडेल आधीचं असू शकतं. चेसिस नंबरमधलं दहावं अक्षर पाहा. तिथे ९ किंवा इंग्रजी 'ए' असेल तर नवं इंजिन. ८ असेल तर जुनं, आणि त्या शेवटच्या वर्षांतलं बेअरिंग इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेरच निघत नाही. म्हणजे दोन्ही बाबतींत 'सर्व्हिसबरोबर बदलून टाकू' असं ते काम नव्हे. तुमचे मेकॅनिक लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी कुठेतरी ऐकलेलं सांगितलं. पण चेसिस नंबर न विचारता त्यांनी हा सल्ला दिला असेल, तर या गाडीवर त्यांचा हात किती बसलेला आहे, याचा अंदाज तुम्हाला आला आहे.

आता दोन एस्टिमेटांचं. खालचा आकडा झाका आणि ओळी वाचा. बहुतेक वेळा ती दोन वेगवेगळ्या कामांची एस्टिमेटं निघतात.

पहिली ओळ ऑइल. तुमच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला साडेसात-आठ लिटर ऑइल लागतं. साध्या हॅचबॅकला साडेतीन-चार लिटरमध्ये भागतं. अंबडच्या कागदावर पाच लिटर लिहिलं असेल, तर एक तर अंदाज चुकलाय किंवा उरलेलं नंतर बिलात चढणार आहे. ऑइलच्या डब्यावर पोर्शेची 'ए४०' ही मान्यता छापलेली असली पाहिजे. नुसतं 'फुल सिंथेटिक' एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी ओळ ब्रेकची. सर्व्हिस सेंटरनं बहुधा पॅड, झीज दाखवणारे सेन्सर आणि दोन्ही डिस्क धरल्या असतील. गॅरेजनं फक्त पॅड. यात खरं कोण, ते डिस्क सांगेल. किमान जाडी किती हवी हे डिस्कवरच कोरलेलं असतं. मायक्रोमीटर लावून समोर मोजून दाखवायला सांगा. जाडी पुरेशी असेल आणि कडेला चिरा नसतील, तर मुंबईवाल्यांना डिस्क वगळायला सांगा. जाडी संपली असेल, तर अंबडचं स्वस्त एस्टिमेट मुळातच अपुरं आहे. नवे पॅड झिजलेल्या डिस्कवर घालून कसारा घाट उतरायचा नसतो.

तिसरी गोष्ट पार्टांच्या डब्याची. गाडी कंपनी पॅड, फिल्टर, कॉइल स्वतः बनवत नाही. तुमच्या गाडीचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेम्बोचे आहेत. फिल्टरसाठी माले किंवा मान, पॅडसाठी पागिड किंवा टेक्स्टार ही नावं चालतात. त्याच दर्जाचा माल पोर्शेच्या डब्यात महाग आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो. चांगलं बाहेरचं गॅरेज तुमचे पैसे वाचवतं ते इथे. मात्र कंपनीचा पत्ता नसलेला 'सेम क्वालिटी' पॅड ब्रेकला नको म्हणजे नकोच.

मग जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टांवर सरसकट १८ टक्के आहे. आधी बहुतेक पार्टांवर २८ टक्के होता. त्यामुळे आधीच्या मालकाचं जुनं बिल तुलनेला घेऊ नका. आणि गॅरेजचा आकडा 'बिलाशिवाय'चा असेल, तर तो तुलनेला घ्यायचाच नाही. बिल नाही म्हणजे पार्टची हमी नाही, आणि गाडी विकताना सर्व्हिस हिस्टरीही नाही.

एवढं करून दोन्ही कागद एका पातळीवर आले, की जो फरक उरतो तो बहुतांशी मजुरीचा. तो खरा असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटर प्रत्येक कामाचे कंपनीनं ठरवलेले तास लावतं. काम लवकर उरकलं तरी तेवढेच तास. त्या तासाच्या दरात मुंबईतली जागा, कंपनीची उपकरणं, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण असं सगळं असतं. त्यात नाशिक-मुंबई एका बाजूचे १६५-१७० किलोमीटर, टोल, पेट्रोल आणि तुमचा दिवस मिळवा. पार्ट आला नाही म्हणून गाडी ठेवून यावं लागलं, तर हे सगळं दुप्पट.

माझा सल्ला असा : ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक ही कामं नाशिकमध्ये करा, पण पार्ट चेसिस नंबरवरून मागवलेले असतील तरच. दोनेक वर्षांतून एकदा गाडी मुंबईला न्या आणि फक्त तपासणी करून घ्या. कंपनीच्या कॉम्प्युटरवर बाकी राहिलेले रिकॉल दिसतात, गिअरबॉक्सच्या बिघाडाचे कोड दिसतात, आणि इंजिन रेडलाइनच्या (फिरण्याच्या कमाल मर्यादेच्या) पुढे किती वेळा गेलं याची नोंदही निघते. ती नोंद खरं तर गाडी घेण्याआधीच काढायला हवी. पुढे कोणी घेणार असतील त्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रश्न : बीएमडब्ल्यू एम३४०आय, वॉरंटी चालू आहे. बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का? सर्व्हिस सेंटरवाले तसं ठासून सांगतात. (इंदिरानगर)

ठासून सांगण्याइतकं ते सरळ नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याच विषयावर. पार्ट आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं आयोगानं चूक ठरवलं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं आदेशात होतं. पुढे त्यावर अपिलं झाली, काही कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. पण ग्राहकाची बाजू काय आहे, हे त्या आदेशातून स्पष्ट कळतं.

तरीही तुम्हाला सांगेन, वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा. उद्या टर्बो गेला, तर बाहेरच्या ऑइलमुळे गेला नाही, हे मांडत बसण्याची वेळ तुमच्यावर येईल आणि तोवर गाडी उभी राहील. दोन सर्व्हिसमध्ये वाचलेल्या पैशांपेक्षा तो मनस्ताप मोठा आहे.

पैसे वाचवायचे ते त्याच बिलातून वाचवा. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन यांतलं काहीही मॅन्युअलच्या सर्व्हिस शेड्यूलमध्ये नसेल, तर जॉब कार्डवर 'हे काम करू नये' असं लिहून सही करा. तोंडी सांगितलेलं गर्दीच्या दिवशी विसरलं जातं. टायर, अलाइनमेंट, वायपर बाहेर करायला काहीच हरकत नाही.

आणि रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं, करायचा विचार असेल, तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. सॉफ्टवेअर बदलल्याची खूण गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये राहते, आणि ताकद वाढवलेल्या इंजिनाची जबाबदारी कंपनीनं नाकारली, तर मी कंपनीच्या बाजूनं बोलेन.

प्रश्न : स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०, २०१८ ची, ७४,००० किलोमीटर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसतात. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलायला सांगितलंय, आकडा लाखांत आहे. (ओझर)

थांबा. एक प्रश्न विचारा : गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं? तुमच्या गाडीत सहा स्पीडचा, ओल्या क्लचचा (क्लच ऑइलमध्ये बुडालेला) डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. बऱ्याच गाड्यांच्या जॉब कार्डांमध्ये हे काम सापडत नाही, कारण मालक विचारत नाही आणि सर्व्हिस सल्लागारही तो विषय काढत नाही.

आधी ते करा. काम नाशिकमध्ये होऊ शकतं, पण गॅरेजकडे स्कॅनर हवाच. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना पातळी लावावी लागते. तापमान स्कॅनरवर दिसतं. 'जेवढं निघालं तेवढं भरतो' म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. ऑइल भरल्यावर क्लचचं बेसिक सेटिंग करून घ्या आणि थोडे दिवस चालवा. धक्के गेले नाहीत तर फॉल्ट कोडची प्रिंट घेऊन दुसऱ्या ठिकाणी मत घ्या. युनिट खरंच गेलेलं असू शकतं, पण लाखांचा निर्णय एकाच ठिकाणच्या एका वाक्यावर होऊ नये.

प्रश्न : गाडी वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटरच चालते, रविवारी त्र्यंबक रोडला एक फेरी. दरवर्षी सर्व्हिस कशाला? (कॉलेज रोड)

कारण उभ्या गाडीतही ऑइल जुनं होतं, आणि ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता ओढत राहतं. डॉट ४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कसाऱ्यात ट्रकांच्या मागे ब्रेक दाबत उतरताना फ्लुइड उकळलं, की पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. या कामाला मुंबई गाठायची गरज नाही.

टायरचंही तेच. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून इतक्या जुन्या टायरवर समृद्धी महामार्गावर ताशी १२० नं जाऊ नका. टायर बदलणं परवडत नसेल, तर वेग कमी ठेवा.

प्रश्न : सॉफ्ट टॉपची (उघडणाऱ्या कापडी छताची) रोडस्टर आहे. पावसाळ्यात सीटखालचं कार्पेट ओलं होतं. नवं छत घालायला सांगतात. (इगतपुरी)

छत बहुधा ठीक आहे. छतावरून उतरणारं पाणी दोन्ही बाजूंच्या छोट्या भोकांतून नळीनं खाली जातं. इगतपुरीच्या पावसात झाडाखाली उभ्या गाडीत ही भोकं पानांच्या चोथ्यानं बुजतात आणि पाणी आत वळतं. छत अर्धं उघडा, मागच्या कोपऱ्यात टॉर्च मारून पाहा, काळा गाळ दिसेल. हातानं काढा, मग मऊ नायलॉनची दोरी हळूच घाला आणि मगभर पाणी ओतून गाडीखाली निघतंय का बघा. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, आतली नळी सांध्यातून निसटते. कार्पेट मात्र लगेच उचलून वाळवा. काही मॉडेलमध्ये सीटखालीच इलेक्ट्रॉनिक युनिट असतं, आणि ते भिजलं की मग खरा खर्च सुरू होतो.

प्रश्न : २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी विकत घ्यावी का? कंपनी तर गेली. बाहेरच्या गॅरेजवरच भिस्त ठेवावी लागेल, ते कसं ओळखायचं? (सातपूर)

फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं. पण मस्टँग इथे बनतच नव्हती, आयात व्हायची. तिचं पाच लिटरचं व्ही८ इंजिन अमेरिकेत ढिगानं विकलं गेलंय, त्यामुळे पार्ट जगात भरपूर आहेत. अडचण आहे ती वाट पाहण्याची आणि आयात शुल्काची. सर्व्हिसच्या वस्तू घरात आणून ठेवता येतात. बंपर, दिवे, काच अशा अपघाती पार्टांना वेळ लागतो, म्हणून या गाडीला झिरो डेप (पार्टांचा घसारा न कापणारा) विमा सोडू नका. क्लेम करताना गॅरेज विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत नसेल, तर बिल आधी तुम्हाला भरावं लागेल.

गॅरेज ओळखायचं ते काम चालू असताना. अंबड-सातपूरमध्ये कारखान्यांत हात बसलेले उत्तम फिटर आहेत. पण बुटक्या गाडीला लिफ्टवर घेताना चार पॅड नेमके कुठे लावायचे हे ते खाली वाकून पाहतात का, हे बघा. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळतात, की इम्पॅक्ट गननंच सोडून देतात? जुने पार्ट न मागता परत देतात का? पार्ट मागवण्याआधी चेसिस नंबर विचारतात का? आणि एखादं काम जमणार नसेल तर 'हे मुंबईलाच न्या' असं म्हणतात का? हे शेवटचं वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकाल, त्यांच्याकडे गाडी टाका. पहिल्यांदा फक्त ऑइल बदलायला टाका, आणि बिलावर ऑइलची मान्यता, लिटर आणि पार्ट नंबर लिहून घ्या.