पत्नीच्या स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी तिला कशी साथ द्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या आठवड्यात कर्करोगामुळे पत्नीचा एक स्तन पूर्ण काढणार आहेत, काखेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी) काढणार आहेत, आणि ती घरी आल्यावर नेमकं काय करावं ते सुचत नाहीये. माझ्या बायकोची हीच शस्त्रक्रिया झाली आहे. आम्हाला जे उपयोगी पडलं ते सांगतो.

आधी ड्रेनचं, कारण घरी आल्याआल्या पहिलं काम तेच. जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिच्या टोकाला एक डबी, हे बहुतेकींच्या अंगावर घरी येतानाही असतं. डिस्चार्जच्या आधी नर्ससमोर ती डबी स्वतःच्या हातांनी रिकामी करून दाखवा, नुसतं बघून शिकू नका. घरी ठरलेल्या वेळी किती मिली पाणी निघालं ते वहीत लिहायचं. बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांतलं पाणी साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात, म्हणून ती नोंद डॉक्टरांना लागतेच. पाणी सुरुवातीला लालसर असतं, मग पिवळट होत जातं. ते अचानक पुन्हा लालभडक झालं, जखमेभोवती लाली पसरू लागली, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते आधीच विचारून ठेवा.

हाताकडे मात्र खूप दिवस लक्ष द्यावं लागतं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातल्या लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचा, निचरा मंदावतो आणि हाताला सूज येऊ शकते, कधी कधी कित्येक वर्षांनीसुद्धा. म्हणून त्या हाताला कापणं, भाजणं जपायचं. सुई टोचणं आणि रक्तदाब मोजणं शक्यतो दुसऱ्या हातावर. अंगठी किंवा बाही अचानक घट्ट वाटू लागली तर लगेच दाखवायचं. दंडाची आतली बाजू बधिर राहते, तिथे मुंग्या येतात. तिथली नस दुखावलेली किंवा कापलेली असते म्हणून. हे तिला आधी माहीत असेल तर ती घाबरणार नाही. खांदा आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात. ते दुखतात आणि कंटाळवाणेही असतात. मी शेजारी उभा राहून तेच व्यायाम करायचो. माझी बायको म्हणाली की आठवण करून देण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कामं जितकी उचलता येतील तितकी उचला, पण निर्णय उचलू नका. आपण काळजीपोटी सगळंच ठरवू लागतो: ती काय खाणार, कुणाला भेटणार, डॉक्टरांना काय सांगणार. एवढं सगळं शरीरावर होऊन गेल्यावर स्वतःच्या हातात काहीतरी उरलेलं असणं तिला फार गरजेचं असतं. भेटायला कोण येणार हे तिने सांगावं, नाही म्हणण्याचं काम तुम्ही करा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल, यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, आणि पुढे केमो, रेडिएशन की हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या हे ठरवायला तो लागतो. तो कसा ऐकायचाय, सगळे तपशील हवेत की मोजकंच, हे तिला आजच विचारून ठेवा. डॉक्टरांसमोर प्रश्न तिने विचारावेत, तुम्ही उत्तरं लिहून घ्या.

व्रणाबद्दल. काहीजणी पहिल्या ड्रेसिंगलाच बघतात, काहींना महिने लागतात. तुम्ही बघावं की नाही हेही तीच ठरवेल. ती दाखवेल तेव्हा नजर वळवू नका आणि घाईघाईने ‘काही वाटत नाही’ असंही म्हणू नका. तिला वाटत असतं. ‘दुखतंय का? हात लावू का?’ एवढं पुरेसं आहे. जवळीक लांबणीवर पडेल, पण स्पर्श थांबवू नका. आपण टाळतोय असं तिला वाटलं तर ते जखमेपेक्षा जास्त लागतं.

‘तू लढवय्यी आहेस’ हे वाक्य तिला आवडतं का, ते बघा. पुष्कळ जणींना त्याचं ओझं होतं, कारण मग रडायची सोय राहत नाही.

टाके निघाले, ती हिंडूफिरू लागली की लोकांना वाटतं संपलं. प्रत्यक्षात थकवा आणि भीती तेव्हाच जास्त जाणवू शकते, कारण आता विचार करायला वेळ असतो. कर्करोग हार्मोनवर वाढणारा निघाला तर गोळ्या ५ ते १० वर्षं चालतात, त्यांनी सांधे दुखतात, झोप उडते, अंगातून गरम वाफा येतात. आणि प्रत्येक तपासणीच्या आधीचे दिवस तिला जड जातात. त्या तारखा तुमच्या कॅलेंडरमध्ये असू द्या, आणि त्या दिवसांत बाहेरगावचं काम घेऊ नका.