चित्रात दाणे आले म्हणून कोर्स सोडायचा?

दूरशिक्षणाने पदव्युत्तर शिक्षण घेणारे एक प्रश्न हमखास विचारतात: "नोकरी सांभाळून अभ्यास करतोय, पण डोक्यात काही शिरत नाही. माझी कुवतच नाही का?" चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचंही हेच म्हणणं होतं.

ताई दिवसा कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी विषय घेतला होता अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि असाइनमेंट होती पाथ ट्रेसर नावाचा प्रोग्राम लिहिण्याची. प्रोग्राममधल्या काल्पनिक कॅमेऱ्यातून किरण सोडायचे, ते वस्तूंवर आपटत दिव्यापर्यंत कसे जातात ते मोजायचं आणि त्यावरून चित्र उभं करायचं. यामागचं समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं. ताईंचं चित्र मात्र पिठात राख कालवल्यासारखं दिसत होतं. त्यात सासूबाईंचं सुरू: "वावरनं काम बरं, दिसस तरी!"

"सर, फी बुडाली तरी चालेल, सोडून देते."

अशा वेळी 'आत्मविश्वास ठेवा' म्हणणं म्हणजे बोळवण करणं. मला ग्राफिक्समधलं ओ की ठो कळत नाही. म्हणून म्हटलं, चित्र मोठं करा आणि काय बिघडलंय ते मला समजावून सांगा.

बोलता बोलता त्यांनीच दोन गोष्टी वेगळ्या केल्या. चित्रातल्या गोळ्यावरचे काळे ठिपके ही खरी चूक होती. पृष्ठभागावरून निघालेला किरण दशांशातल्या बारीक फरकामुळे पुन्हा त्याच पृष्ठभागाला धडकतो आणि प्रोग्रामला वाटतं, इथे सावली आहे. किरण पृष्ठभागापासून किंचित पुढून सोडला की ठिपके जातात. कोडची एखादी ओळ बदलायची, बस.

पण सगळीकडे पसरलेले बारीक दाणे? ती चूकच नव्हती. या पद्धतीत किरण यादृच्छिक, म्हणजे वाटेल त्या दिशांना सोडतात, त्यामुळे किरण कमी असले की दाणे येणारच. ते निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. पिक्सेलमागे ६४ असतील तर २५६. म्हणजे वेळही चौपट. साध्या लॅपटॉपवर आधी टिचभर चित्र काढून तपासायचं, मोठं रात्री लावून झोपायचं. (लाइट गेली तर? मधे मधे चित्र सेव्ह होईल अशी सोय त्यांनी करून घेतली.)

वर्गात बसला असतात ना, तर शेजारच्याच्या स्क्रीनवरही हेच दाणे दिसले असते आणि दोघं हसला असतात. घरी एकट्याने शिकताना पाठ्यपुस्तकातलं गुळगुळीत चित्र तेवढं समोर असतं, इतरांची बिघडलेली दिसतच नाहीत. ताईंना म्हटलं, बॅचमधल्या दोघा-तिघांना तुमचं बिघडलेलं चित्र पाठवा आणि त्यांचं मागा. आणि मार्गदर्शकांना 'समजत नाही' असं लिहू नका. 'काळे ठिपके फक्त गोळ्यावर येतात, भिंतीवर नाहीत' असं लिहा, म्हणजे नेमकं उत्तर मिळतं.

पुसदच्या बाजूने कुणीतरी तसंच राखाडी चित्र पाठवलं. ताईंनी असाइनमेंट थोडे दाणे ठेवूनच जमा केली. सध्या ग्राफिक्सला लागणाऱ्या गणितातल्या मॅट्रिक्सची उजळणी चालू आहे, तीही बारावीच्या पुस्तकातून, आणि त्याची त्यांना आता लाज वाटत नाही.