खलनायकाची बाजू सहानुभूतीने मांडणं हे हल्लीचंच फॅड आहे का?

छे, मुळीच नाही. प्राचीन नाटककार भासाच्या नावावर असलेलं ‘ऊरुभंग’ हे छोटंसं संस्कृत नाटक बघा. नायक कोण, तर चक्क दुर्योधन! भीमाने नियम मोडून मांडीवर गदा हाणलीय आणि हा धुळीत सरपटतोय. बलराम संतापून भीमावर धावून जायला निघतो, तर त्याला आवरतो दुर्योधनच.

पण खरा चटका लावतो तो दुर्योधनाचा छोटा मुलगा दुर्जय. बापाला शोधत रणांगणात येतो आणि सवयीने मांडीवर बसायला जातो. बाप अडवतो. का, ते पोराला कळतच नाही. (भर सभेत द्रौपदीला दाखवलेली मांडी ती हीच, हे प्रेक्षकाला आठवतंच.)

आणि भास त्याची पापं पुसत नाही, हे मला फार आवडतं. सहानुभूती म्हणजे निर्दोष सुटका, असं समजून हल्लीचे बरेच लेखक इथेच घसरतात. इथे अश्वत्थामा सूडाची भाषा करतो, तेव्हा द्रौपदीचे केस ओढले, द्यूतात कपट केलं, अभिमन्यूला मारलं, हे दुर्योधन स्वतःच बोलून दाखवतो. दुर्जयला तर सांगून ठेवतो, द्रौपदीला आईसारखी मान.