तेरेखोल नदी महाराष्ट्र-गोव्याची हद्द आहे, मग उत्तर काठावरचं तेरेखोल गाव गोव्यात कसं?

किल्ल्यामुळे. नदीच्या मुखाशी असलेला तेरेखोलचा किल्ला मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि पलीकडच्या काठावरचा हा तुकडा गोव्याला जोडला गेला, तो आजतागायत तसाच आहे. गोव्यातल्या केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडून गावात जाता येतं. महाराष्ट्रातल्या रेडीकडून गेलात तर नदी लागतच नाही, सरळ रस्ता आहे. हीच नदी वर बांद्यावरून वाहत येते.

किल्ल्यात सेंट अँथनीचं चर्च आहे, ते जरूर बघा. पण माझ्या मते मोठी गोष्ट वेगळीच: १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी पोर्तुगीज राजवटीतच या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.