कूलंटमध्ये तेल दिसलं म्हणून लगेच हेड उतरवू नका

प्रश्न : माझी डिझेल हॅचबॅक ९ वर्षांची आहे. परवा कूलंटच्या बाटलीत तपकिरी, चिकट थर दिसला. गाडी गरम होत नाही, डिपस्टिकवरचं ऑइलही चांगलं दिसतंय. गॅरेजवाले म्हणतात, हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून हबकले आहे. दुसरं काही असू शकेल का?
– एक शिक्षिका, पंढरपूर

उत्तर : ताई, असू शकेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे इंजिन ऑइल थंड करणाऱ्या भागावर जातो. गॅरेजवाल्यांना सांगा, तो तपासल्याशिवाय हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) पाना लावायचा नाही. आणि तोवर गाडी चालवू नका.

आधी तो थर तेलाचाच आहे का, हे तुम्ही घरीच बघू शकता. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा. थोडा गाळ काचेच्या ग्लासात, गरम पाण्यात टाका. तळाशी बसला तर गंज. वर तेलकट तवंग आला तर तेल. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र झाले तरी गिळगिळीत गाळ होतो, पण त्याला तवंग येत नाही.

आता कूलरकडे का बघायचं ते सांगतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो ऑइल फिल्टरजवळ असतो. आत पातळ पत्र्याच्या एका बाजूनं ऑइल, दुसऱ्या बाजूनं कूलंट. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार, कूलंटचा मात्र १ ते दीड बारच्या आसपास. पत्र्याला चीर गेली की ऑइल कूलंटमध्ये घुसतं, म्हणून डिपस्टिक स्वच्छ दिसते. पण इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, गरम कूलंटचा टिकून राहतो, आणि उलटा प्रवास सुरू होऊ शकतो. कूलंट ऑइलमध्ये गेलं तर बेअरिंग खराब होतात. गाडी उभी ठेवा म्हणतो ते यासाठी.

कूलर काढून त्याचं एक तोंड बंद करायचं, ऑइलच्या बाजूनं हवेचा दाब द्यायचा आणि तो गरम पाण्यात बुडवायचा. गरमच हवं, कारण बारीक चीर थंड असताना उघडत नाही. बुडबुडे आले की चोर सापडला. आले नाहीत, तर सिस्टिम धुऊन हेडची तपासणी : कूलंटमध्ये जळलेला गॅस येतोय का ते दाखवणारा निळा द्रव मिळतो, गॅस असेल तर त्याचा रंग पालटतो. थंड इंजिन सुरू करताच होज (कूलंटचे रबरी पाइप) दगडासारखे कडक होणं, पांढरा धूर, कूलंट सतत कमी होणं, ही गॅस्केट (हेडखालचं सील) गेल्याची लक्षणं. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही.

कूलर बदलला तरी काम अर्धंच झालं, आणि इथेच घाई होते. कूलंटच्या वाटांत उरलेलं तेल धुऊन काढावं लागतं. धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल ओतायला कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. त्यानं रबर फुगतं. डिशवॉशर मशीनची, फेस न होणारी पावडर वापरा. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, पाणी सोडायचं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहायचं. तेलानं मऊ पडलेले होज, थर्मोस्टॅट, बाटलीचं झाकण नवीन घ्या. इंजिन ऑइल आणि फिल्टरही बदला. शेवटी मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धंअर्धं. बोअरचं जड पाणी अजिबात नको. काढलेलं कूलंट गटारात सोडू देऊ नका. चवीला गोड असतं, कुत्री-गुरं पितात आणि मरतात.

नंतर काही दिवस बाटलीत पुसट तवंग दिसेल. तो कोपऱ्यांत उरलेल्या तेलाचा; कापडानं टिपून घ्या. दर आठवड्याला तो कमी होत गेला पाहिजे. वाढला, तर मात्र हेड उतरवायला हरकत नाही.