समुद्रकिनाऱ्यावर मिळालेले पायराइटचे अ‍ॅमोनाइट कसे जपावेत? वार्निश लावणे पुरेसे होते का?

इंग्लंडमधील चारमथच्या किनाऱ्यावर मिळालेले पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या सोनेरी खनिजाचे) दोन-तीन अ‍ॅमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखाच्या नामशेष समुद्रप्राण्याचे जीवाश्म, आपल्याला पुण्याला आईवडिलांकडे न्यायचे आहेत. ते जपण्यासाठी वार्निश पुरेसे होईल का आणि असे आणखी कसे शोधावेत, असे आपण विचारले आहे. वार्निश पुरेसे होत नाही. ओलसर आणि खारट दगडावर लावले तर ते घातकच ठरते. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण माझ्या हातून नेमके हेच घडले आणि त्याचा दोष माझ्या आईच्या माथी मारला गेला.

मी साउदम्प्टनला राहतो आणि हिवाळ्यात वादळ होऊन गेले की दोन तास गाडी चालवून चारमथला जातो. 2009 च्या फेब्रुवारीत, ब्लॅक व्हेनच्या कड्याखाली ओहोटीच्या वेळी, मला एकाच खळग्यात पितळेसारखे चमकणारे दोन अ‍ॅमोनाइट मिळाले. दोन्ही जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढे होते आणि त्यांच्या वेटोळ्यांवरची एकेक कंगोरी स्पष्ट दिसत होती. घरी आणून ते नळाखाली धुतले, दोन दिवस रेडिएटरवर वाळवले आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या पारदर्शक वार्निशचे दोन हात दिले. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांतला एक मी रत्नागिरीला आईसाठी घेऊन गेलो.

आईने तो हातात घेताच ओळखला. गंडकीचे शाळिग्राम हे ज्युरासिक काळातल्या अ‍ॅमोनाइटचेच जीवाश्म आहेत, हे तिला कोणी शिकवलेले नव्हते, पण चक्र पाहताच तिने तो कपाळाला लावला आणि देवघरात लाल वस्त्रावर शाळिग्रामाच्या शेजारी ठेवला. मग रोज ताम्हनात स्नान, पंचाने कोरडे करणे आणि वर तुळशीपत्र, असा त्याचा क्रम सुरू झाला. साता समुद्रांपलीकडून मुलाने देव आणला, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

दुसऱ्या पावसाळ्यात, गणपतीच्या सुमारास, दादाचा फोन आला. वार्निशचा पापुद्रा फुगून तडकला होता, त्याखाली करडी-पांढरी भुकटी साठली होती, विझलेल्या काडीसारखा गंधकाचा वास येत होता आणि लाल वस्त्राला त्या जागी भोक पडले होते. पुढच्या महिनाभरात दगडाचे चार तुकडे झाले. दादाचे म्हणणे असे, की पायराइट कधी नासत नाही. त्याच्या टेबलावर स्पेनमधील नवाहूनचा पायराइटचा घन वर्षानुवर्षे आहे तसा आहे, तेव्हा आईनेच रोज पाण्यात घालून याची माती केली. हे तो आईसमोर म्हणाला आणि पुढे बहुतेक प्रत्येक गणपतीला पाहुण्यांसमोर म्हणत राहिला. आई काही बोलली नाही, मात्र तिने ते तुकडे कोणाला टाकू दिले नाहीत.

दादाच्या त्या घनापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्यालाही असे उदाहरण कोणीतरी देईलच. नवाहूनचे घन म्हणजे मोठे, घट्ट आणि एकसंध स्फटिक असतात. हवेला भिडणारा त्यांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने फार थोडा असतो. चारमथचा अ‍ॅमोनाइट निराळ्या रीतीने तयार झाला आहे. सुमारे 19 ते 20 कोटी वर्षांपूर्वी तो प्राणी मरून समुद्रतळाच्या चिखलात रुतला. त्या चिखलात प्राणवायू नव्हता. तिथल्या जिवाणूंनी समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार केला, तो चिखलातल्या लोहाशी संयोग पावला आणि शंखाचे कप्पे पायराइटच्या अतिसूक्ष्म कणांनी भरून गेले. रासायनिक सूत्र दोन्हींचे एकच आहे, परंतु सूक्ष्म कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो आणि त्यांच्यामधल्या फटींत ओल शिरते. प्राणवायू आणि ओल एकत्र मिळाले की पायराइटपासून लोहाचे सल्फेट, म्हणजे आपले हिराकस, आणि सोबत गंधकाम्ल तयार होते. हिराकस मूळ पायराइटपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून दगड आतून फुटतो. आम्ल वस्त्र, कागद आणि खोका खाऊन टाकते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते, आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांच्या वर असते.

त्यात माझ्या दगडात मीठ शिल्लक होते. मीठ हवेतली ओल ओढून घेते. वार्निशने ते मीठ आणि ती ओल आत कोंडली. बाहेरचा प्राणवायू आणि बाष्प मात्र त्याला अडवता आले नाहीत, कारण असे लेप वाटतात तितके अभेद्य नसतात.

आता दादाच्या आरोपाचे उत्तर. त्याच दिवशी, त्याच खळग्यात मिळालेला आणि त्याच वार्निशचा दुसरा अ‍ॅमोनाइट माझ्या घरी न्हाणीघराला लागून असलेल्या खिडकीच्या फळीवर होता. त्याला एकदाही स्नान घडले नाही, कोणी हातसुद्धा लावत नव्हते. 2012 च्या हिवाळ्यात तोही तसाच फुलला आणि दुभंगला, आणि त्याच्याखालची माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी तपकिरी होऊन चुरा झाली. पाणी न लागता जर तो नासला, तर मूळ दोष आईच्या ताम्हनाचा नव्हता, माझ्या घाईचा होता. शिवाय खऱ्या शाळिग्रामातही कधी कधी पायराइटच्या सोनेरी रेषा असतात, पण त्या कठीण काळ्या दगडाच्या पोटात सुरक्षित राहतात आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रोज स्नान घालूनही शाळिग्राम टिकतो. आईचा अनुभव त्या दगडाचा होता आणि त्या अनुभवाप्रमाणे ती योग्यच वागली.

त्यानंतर मी जी पद्धत पाळतो, ती अशी. किनाऱ्यावरून आणलेला अ‍ॅमोनाइट ताठ ब्रशने घासून चिखल काढावा, मग काही दिवस गोड्या पाण्यात ठेवून पाणी रोज बदलावे आणि शेवटचे एक-दोन दिवस ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. त्यानंतर तो अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवावा, म्हणजे फटींतले पाणी निघून येते. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर करावे. मग उबदार कोरड्या जागी, वजन घटायचे पूर्ण थांबेपर्यंत वाळवावा. लेप द्यायचाच असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 (एक पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळ) चा पातळ हात द्यावा, कारण तो पुन्हा काढता येतो. पण तो ठिसूळ नमुन्याला बळकटी देण्यासाठी असतो, संरक्षणासाठी त्यावर विसंबू नये. खरे संरक्षण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या मण्यांसोबत आणि आर्द्रता दाखवणाऱ्या कार्डासोबत आहे. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली, शक्यतो 40 च्या आसपास ठेवावी आणि मण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरावेत. लाकडी, विशेषतः ओकच्या खणात ठेवू नये, कारण त्या लाकडातूनही आम्ल बाष्पे निघतात. जंतुनाशकात बुडवण्याचा सल्लाही मिळेल. जिवाणूच पायराइट नासवतात, असे एके काळी मानले जात असे, त्यातून ती पद्धत आली; पण त्या जिवाणूंना जवळजवळ संपृक्त ओल लागते, आणि पायराइट त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही नासते.

शोधण्याबद्दल थोडक्यात सांगतो. हातोडी लागत नाही. पायराइट साध्या वाळूच्या जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे लाटा ते बारीक खड्यांसोबत खळग्यांत आणून साठवतात. ओहोटी सुरू झाल्यावर, बेलेम्नाइटचे (बंदुकीच्या गोळीसारख्या लांबट जीवाश्माचे) तुकडे जिथे दिसतील तिथे, गुडघे टेकून शांतपणे पाहावे. कड्याच्या पायथ्याशी जाऊ नये, तिथे दरडी आणि चिखल खरोखर कोसळतात. पश्चिम डॉर्सेटच्या किनाऱ्यासाठी जीवाश्म गोळा करण्याची आचारसंहिता आहे: किनाऱ्यावर सुटे पडलेले घेता येते, कडा खणता येत नाही आणि महत्त्वाचा नमुना मिळाल्यास नोंदवावा लागतो. चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमधील मंडळी नमुना पाहून ओळख पटवून देतात.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. रोजच्या स्नानाने नासण्याला थोडीफार भर पडली असणारच. पंचाने पुसले तरी तडकलेल्या वार्निशच्या फटींतले पाणी निघत नाही. दादाचे तेवढे म्हणणे मी नाकारत नाही. पण त्याने पाहुण्यांसमोर जे ऐकवले ते चुकीचे होते, आणि हे मी त्यालाही लिहून पाठवले आहे. मागच्या मे महिन्यात मी आईला नीट वाळवलेला दुसरा अ‍ॅमोनाइट दिला. तो पारदर्शक डबीत मण्यांसह आहे आणि आई तुळशीपत्र झाकणावर ठेवते.

आपण वार्निश आधीच लावले असेल, तर पुण्याला निघण्यापूर्वी ते अ‍ॅसिटोनने निघते का ते एका कडेवर पाहावे, निघत असल्यास पूर्ण काढून वरची प्रक्रिया पहिल्यापासून करावी आणि स्थळ व तारीख लिहिलेली चिठ्ठी दगडाखाली न ठेवता डबीच्या बाहेर चिकटवावी.