चाक निखळलेली ट्रॉली: नवी घेऊ नका, बुडाला फळी लावा

ताई, बेळगावात शहापूरच्या तुमच्या घरातल्या चार कप्प्यांच्या प्लॅस्टिक ट्रॉलीचं एक चाक निखळलंय, दोन फिरत नाहीत, खालचा कप्पा अडकतोय. दुरुस्त करू की नवी घेऊ, असं विचारलंत. दुरुस्तच करा. नवीचंही बूड बहुतेक तसंच असतं, तीही तिथंच फाटेल.

न फिरणारी चाकं सोपी आहेत. त्यात शिवणाचं सामान ठेवता ना? मग आसाला दोरे आणि केस गुंडाळलेले असणार. ब्लेडनं आडवे कापून चिमट्यानं ओढून काढा. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. जास्त झालं की धूळ धरतं.

निखळलेल्या चाकाला मात्र फेविक्विक नको. बुडाखाली त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन जातीचं प्लॅस्टिक. त्याला ना फेविक्विक टिकतं, ना एम-सील. शिवाय दुखणं चिकटवण्यात नाहीच. चाकांच्या खुंट्या बसतात त्या चार छोट्या भोकांवर सगळा भार आहे. शहाबादी फरशीच्या सांध्यात बारकं चाक अडतं, आपण तसंच ओढतो आणि झटका त्या भोकाला बसतो. उद्यमबागेत मशीन शॉपला मी बरीच वर्षं काढली. जड सुट्या भागांच्या गाड्यांना आम्ही चाक कधी नुसत्या खुंटीवर लावलं नाही, पत्र्यावर किंवा फळीवरच.

म्हणून बुडाच्या मापाची १२ मिमी प्लायची फळी घ्या. सुताराकडे उरलेला तुकडा मिळतो. जुनी चाकं काढा आणि चार कोपऱ्यांत ६ मिमीच्या नटबोल्टनं फळी आवळा, दोन्हीकडे मोठे वायसर घालून. बोल्टची चपटी डोकी वर, नट खाली. उलटं केलंत तर कप्पा नटाला घासेल. फळीखाली पट्टीवाली ५० मिमीची चार चाकं स्क्रूनं बसवा, पुढची दोन ब्रेकवाली. चाक गोल फिरताना नटाला लागत नाही ना, ते आधी हातानं फिरवून बघा. गणपत गल्ली, खडे बाजाराकडे हार्डवेअरच्या दुकानात विचारा, ‘प्लेटवालं चाक’ म्हटलं की देतात. फळीच्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्याच. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी कड फुगते.

अडकणाऱ्या कप्प्याला शेवटी हात लावा. एक चाक नसल्यानं सांगाडाच तिरका झालाय, सरळ झाला की बहुतेक तो आपोआप सरकेल. तरी घासला तर दोन्ही कडांवर मेणबत्ती घासा. आणि कात्र्या, इस्त्री असलं जड सामान सगळ्यात खालच्या कप्प्यात न्या.